कोणाचा विजय? : पिचरच्या नावावरील विजयसंख्येच्या मोलाविषयी

बेसबॉल हा नऊ-नऊ खेळाडूंच्या दोन संघांमधला खेळ असला, तरी अमेरिकेतील गुणलेखनाच्या परंपरेनुसार प्रत्येक सामन्याचा विजय जिंकणाऱ्या संघातील एकाच पिचरच्या नावावर आणि पराभव हरणाऱ्या संघातील एकाच पिचरच्या नावावर मांडला जातो. पिचर म्हणजे मैदानाच्या मधोमध मातीच्या बुटक्या उंचवट्यावर उभा राहून 60 फूट 6 इंचांवरच्या होम प्लेटकडे, म्हणजे बॅटर जिथे उभा असतो त्या पाटीकडे, चेंडू फेकणारा खेळाडू. क्रिकेट जाणणाऱ्या वाचकाला तो गोलंदाजाचा भाऊबंद वाटेल, परंतु क्रिकेटमध्ये दर सहा चेंडूंनी गोलंदाज बदलतो, तर बेसबॉलमध्ये एकच पिचर त्याला काढून घेईपर्यंत सलग फेकत राहतो, आणि एकदा मैदानाबाहेर गेला की त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. वर्तमानपत्रांत त्याचे नाव छापले जाते ते जवळजवळ नेहमी एका जोडअंकासह : 21-8 म्हणजे हंगामात एकवीस विजय आणि आठ पराभव. शंभराहून अधिक वर्षे या जोडअंकातील पहिल्या आकड्यावरून पिचरची थोरवी ठरली, पुरस्कार दिले गेले आणि वेतनाचे करार झाले. हा आकडा पिचरविषयी नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

प्रथम नियम समजून घेणे आवश्यक आहे, कारण वादाचे बीज नियमातच आहे. सामना साधारणतः नऊ इनिंगचा असतो आणि प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघ आळीपाळीने तीन-तीन जण बाद होईपर्यंत फलंदाजी करतात. जिंकणाऱ्या संघाने अखेरची, म्हणजे नंतर कधीच न गमावलेली, आघाडी घेतली त्या वेळी त्या संघाचा जो पिचर खेळात होता, त्याला विजय मिळतो. सामना सुरू करणाऱ्या पिचरसाठी मात्र किमान पाच इनिंग पूर्ण करण्याची अट आहे, जी 1950 च्या नियमसंहितेत पक्की झाली. ती अट पूर्ण न करता तो बाहेर गेला, तर नंतर आलेल्या पिचरांपैकी सर्वांत प्रभावी कोण हे अधिकृत गुणलेखकाने ठरवायचे असते. निर्णायक धाव करणारा खेळाडू ज्याच्या फेकीवर बेसपर्यंत, म्हणजे धाव पूर्ण करण्याच्या वाटेवरील थांब्यापर्यंत, पोहोचला, त्याच्या माथी पराभव. या संपूर्ण नियमात पिचरने किती धावा दिल्या हा प्रश्न कुठेच येत नाही. सहा धावा देणाऱ्या पिचरच्या संघाने सात केल्या तर तो विजयी, आणि एकच धाव देणाऱ्याच्या संघाला एकही करता आली नाही तर तो पराभूत.

असा नियम मुळात कोणी आणि का स्वीकारला असेल, याचे उत्तर जुन्या खेळाच्या स्वरूपात सापडते. बेसबॉलच्या आकडेवारीचे जनक मानले जाणारे हेन्री चॅडविक हे 1824 मध्ये इंग्लंडमधील एक्सेटर येथे जन्मलेले आणि लहानपणीच अमेरिकेत आलेले पत्रकार होते. ते आधी क्रिकेटची वार्तापत्रे लिहीत आणि क्रिकेटच्या धावफलकाची शिस्त त्यांनी या नव्या खेळात आणली, त्यामुळे 1859 च्या सुमारास त्यांनी मांडलेल्या गुणतक्त्यावर क्रिकेटची छाप स्पष्ट दिसते. त्या काळी संघाकडे एक किंवा दोन पिचर असत आणि ज्याने सामना सुरू करायचा त्यानेच तो संपवायचा, हा शिरस्ता होता. साय यंग यांनी 1890 ते 1911 या काळात 815 सामने सुरू केले आणि त्यांपैकी 749 स्वतः पूर्ण केले. त्यांच्या नावावरचे 511 विजय हा आजही अबाधित असलेला विक्रम त्या शिरस्त्याचे फळ आहे. पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत एकच माणूस फेकत असेल, तर त्या दिवसाची जबाबदारी त्याच्या नावावर टाकणे अगदीच गैर नव्हते. निम्मा खेळ, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या धावा रोखण्याचा भाग, बव्हंशी त्याच्या हाती होता. उरलेला निम्मा खेळ, म्हणजे स्वतःच्या संघाने धावा करण्याचा भाग, तेव्हाही त्याच्या हाती नव्हता, पण त्याकडे दुर्लक्ष करण्यास कारण होते.

तरीही त्या सरळसोट काळातसुद्धा विजय ही निसर्गदत्त वस्तू नव्हती, ती गुणलेखकाच्या लेखणीतून उतरत असे, याचे एक उदाहरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. 1884 मध्ये प्रॉव्हिडन्स ग्रेज या संघाने 84 सामने जिंकले आणि त्यांतील दोन-तृतीयांशांहून अधिक चार्ल्स रॅडबर्न या एका पिचरच्या नावावर आहेत, कारण जुलैमध्ये संघाचा दुसरा प्रमुख पिचर चार्ली स्वीनी संघाबाहेर गेल्यानंतर रॅडबर्न यांनी जवळजवळ रोज फेकण्याचे ओझे उचलले आणि हंगामभरात 678 हून अधिक इनिंग फेकल्या. एका हंगामातील विजयांचा हा सर्वोच्च आकडा काही ग्रंथांत 59 आणि काहींत 60 असा सापडतो. फरक एका सामन्याचा आहे : जुलैच्या अखेरीस झालेल्या त्या सामन्यात सायक्लोन मिलर या पिचरने पहिल्या पाच इनिंग फेकल्या, संघ पुढे असताना तो थांबला आणि उरलेल्या चार इनिंग रॅडबर्न यांनी एकही धाव न देता काढल्या. आजच्या नियमाने तो विजय मिलरचा ठरतो. त्या काळच्या गुणलेखकाला रॅडबर्न अधिक प्रभावी वाटले, म्हणून त्याने तो त्यांना दिला. रॅडबर्न यांनी टाकलेला एकही चेंडू या दोन हिशेबांत बदलत नाही, बदलतो तो केवळ लिहिणाऱ्याचा निर्णय. आणि इतिहासातील सर्वांत मोठा आकडाच असा निर्णयावर उभा आहे, हे विजयसंख्येवर निष्ठा ठेवणाऱ्यांनी लक्षात घेण्याजोगे आहे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात वॉशिंग्टन सेनेटर्सकडून खेळलेले वॉल्टर जॉन्सन हे 417 विजयांसह साय यंग यांच्या खालोखाल आहेत. एकूण एकच धाव झालेले, म्हणजे 1-0 असे संपलेले, 38 सामने त्यांनी जिंकले आणि 26 गमावले. त्या 26 दिवशी त्यांनी विरुद्ध संघाला एका धावेच्या पुढे जाऊ दिले नाही, तरी त्यांच्या नावापुढे तीच खूण पडली जी सामन्यात दहा धावा देणाऱ्याच्या नावापुढे पडते. पण या विषयातील सर्वांत बोलका दिवस त्याहून अलीकडचा आहे.

तो दिवस म्हणजे 26 मे 1959. मिलवॉकीच्या काउंटी स्टेडियममध्ये पिट्सबर्ग पायरेट्सचा डावखुरा पिचर हार्वी हॅडिक्स हा मिलवॉकी ब्रेव्ह्ज या मागील दोन वर्षांच्या लीगविजेत्या संघाविरुद्ध फेकत होता. नऊ इनिंगमधील सत्तावीसच्या सत्तावीस बॅटर एकालाही बेसवर पोहोचू न देता बाद करणे याला परिपूर्ण सामना म्हणतात, आणि अशी कामगिरी एका पिढीत मोजक्याच वेळा घडते. हॅडिक्सने नऊ नव्हे, बारा इनिंग अशा काढल्या. ओळीने छत्तीस बॅटर आले आणि छत्तीसही परत गेले. अडचण इतकीच होती, की त्याच्या संघाने समोरच्या ल्यू बर्डेटच्या फेकीवर अनेक फटके मारूनही एकही धाव केली नव्हती. तेराव्या इनिंगमध्ये फेलिक्स मँटिलाने तिसऱ्या बेसकडे मारलेला साधा चेंडू डॉन होकने उचलला, पण पहिल्या बेसकडची त्याची फेक चुकली. एडी मॅथ्यूजने स्वतः बाद होत मँटिलाला दुसऱ्या बेसवर नेले, हँक ॲरनला मुद्दाम वॉक, म्हणजे मुद्दाम बाहेर फेकलेल्या चार चेंडूंवर मोफत बेस, देण्यात आला, आणि जो ॲडकॉकने चेंडू उजव्या-मध्य कुंपणापार धाडला. धावण्याच्या गोंधळात ॲरन मार्ग सोडून गेल्याने त्या फटक्याला होमरन न मानता सामना 1-0 असा नोंदवला गेला. क्षेत्ररक्षकाच्या चुकीतून उगम पावल्यामुळे ती एकमेव धावही गुणलेखनाच्या दृष्टीने हॅडिक्सच्या हिशेबी धरली गेली नाही, तरीही पराभव त्याचाच. आणि बारा हिट, म्हणजे बॅटरला बेसवर पोहोचवणारे फटके, देणारा बर्डेट विजयी. हॅडिक्सने त्या हंगामाअखेर 12 विजय आणि 12 पराभव असा हिशेब गाठला. त्याच वर्षी त्याच संघात रॉय फेस नावाचा पिचर होता, जो एकही सामना सुरू न करता केवळ नंतर मैदानात उतरत असे. त्याच्या नावावर 18 विजय आणि एकच पराभव आहे. फेस उत्तम पिचर होता यात शंका नाही, परंतु या दोन जोडअंकांवरून दोघांची तुलना करणाऱ्याच्या हाती चुकीखेरीज काही लागणार नाही.

मराठी वाचकाला या प्रश्नाची गाठ घरच्या खेळात सहज पडते. मुंबईत जन्मलेल्या आणि न्यूझीलंडकडून खेळणाऱ्या एजाझ पटेलने डिसेंबर 2021 मध्ये वानखेडेवर भारताच्या पहिल्या डावातील दहाही गडी 119 धावांत बाद केले. त्याचा संघ पहिल्या डावात 62 धावांत गारद झाला आणि भारताने कसोटी 372 धावांनी जिंकली. क्रिकेटच्या नोंदवहीत पटेलच्या नावापुढे 10-119 असेच राहिले, कारण त्या खेळाने गोलंदाजाला विजय-पराभव चिकटवण्याची पद्धतच कधी घातली नाही. चॅडविक यांनी क्रिकेटकडून जे घेतले त्यापलीकडे बेसबॉलने स्वतःहून जोडलेली ही खूण आहे, आणि ती किती अनोखी आहे हे पटेलच्या उदाहरणाने ध्यानात येते.

संघाच्या धावांचा परिणाम किती मोठा असतो, याचा अंदाज एका सोप्या सूत्राने येतो. कॅन्सस राज्यात राहणारे आणि 1977 पासून स्वतःची वार्षिके छापणारे अभ्यासक बिल जेम्स यांनी असे दाखवून दिले, की संघाने केलेल्या धावांचा वर्ग भागिले केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज, या गुणोत्तरातून संघाच्या विजयांचे प्रमाण बऱ्यापैकी अचूक मिळते. आता एकच पिचर घ्यावा, जो सामन्यामागे तीन धावा देतो आणि ज्याच्या नावावर हंगामात तीस निकाल पडतात. त्याचा संघ सामन्यामागे पाच धावा करत असेल, तर सूत्राप्रमाणे त्याला सुमारे 22 विजय मिळतील. संघ तीनच करत असेल तर 15. पहिल्याला वर्तमानपत्रे वीस विजयांचा मानकरी म्हणतील आणि दुसरा मध्यम प्रतीचा ठरेल, आणि हे दोघे मुळात एकच आहेत.

हे केवळ कागदी गणित नाही, हे पुरस्कारांच्या इतिहासावरून दिसते. सर्वोत्तम पिचरला 1956 पासून दिल्या जाणाऱ्या आणि 1967 पासून दोन्ही लीगसाठी स्वतंत्रपणे दिल्या जाणाऱ्या पुरस्काराला साय यंग यांचेच नाव आहे, त्यामुळे विजयसंख्येची सावली त्यावर पहिल्यापासून होती. 1990 मध्ये अमेरिकन लीगचा पुरस्कार ओकलंडच्या बॉब वेल्च याला 27-6 या हिशेबावर मिळाला. त्याची अर्जित धावांची सरासरी 2.95 होती. (अर्जित धावा म्हणजे क्षेत्ररक्षकांच्या चुकीची मदत न होता प्रतिस्पर्ध्यांनी मिळवलेल्या धावा, त्या नऊ इनिंगमागे किती, हे ही सरासरी सांगते, आणि ती जितकी कमी तितकी चांगली.) त्याच वर्षी बॉस्टनच्या रॉजर क्लेमेन्सची सरासरी 1.93 आणि हिशेब 21-6 होता. प्रत्येक नऊ इनिंगमागे एक संपूर्ण धाव कमी देणारा पिचर मागे पडला, कारण वेल्चच्या पाठीशी 103 सामने जिंकणारा संघ होता आणि तो बाहेर पडल्यावर त्याची आघाडी राखायला डेनिस एकर्सली होता, ज्याची त्या हंगामातील सरासरी 0.61 होती. वेल्चच्या सत्तावीस विजयांपैकी अनेकांत एकर्सलीचाही वाटा मोजावा लागेल, पण नोंदवहीत विजयाचे वाटे करण्याची सोय नाही. 2005 मध्येही हेच घडले : 21 विजय आणि 3.48 सरासरीच्या बार्टोलो कोलोनला पुरस्कार मिळाला आणि 16 विजय व 2.87 सरासरीचा योहान सांताना मागे राहिला.

वळण आले ते 2009 आणि 2010 मध्ये. 2009 मध्ये कॅन्सस सिटीच्या झॅक ग्रिंकीला 16 विजयांवर पुरस्कार मिळाला, आणि पुढच्या वर्षी सिॲटलच्या फेलिक्स हर्नांडेझला 13-12 या हिशेबावर. हर्नांडेझने जवळपास 250 इनिंग फेकल्या, त्याची सरासरी 2.27 होती, आणि त्याच्या संघाने 162 सामन्यांत मिळून अवघ्या 513 धावा करून 101 सामने गमावले होते. 21-7 असा हिशेब असलेला न्यूयॉर्कचा सी. सी. सबाथिया समोर असतानाही मत देणाऱ्या बेसबॉल पत्रकारांनी हर्नांडेझची निवड केली, ही घटना या क्षेत्रातील विचारपरिवर्तनाची सीमारेषा मानावी लागते. त्यानंतर 2018 मध्ये न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डिग्रॉमने 1.70 सरासरीने 217 इनिंग फेकल्या आणि सलग 29 सामन्यांत तीनपेक्षा अधिक धावा दिल्या नाहीत, तरी त्याला 10-9 एवढेच मिळाले, कारण त्याने सुरू केलेल्या 32 सामन्यांपैकी त्याचा संघ केवळ 14 जिंकला. पहिल्या पसंतीच्या तीसपैकी 29 मतांनी पुरस्कार त्याचा झाला. 2025 मध्ये पिट्सबर्गच्या पॉल स्कीन्सला 10-10 या हिशेबावर, 1.97 सरासरीच्या बळावर, तो एकमताने मिळाला. पंधरा वर्षांपूर्वी वादाचा विषय असलेली गोष्ट आता वादावाचून पार पडते, याचे समाधान वाटल्यावाचून राहत नाही.

विजयसंख्येच्या बाजूने जे म्हटले जाते तेही दुर्लक्षिण्यासारखे नाही आणि त्याला पुढील प्रकरणांत पुरेशी जागा दिली आहे. सर्वांत जोरकस दाखला 1972 च्या स्टीव्ह कार्लटनचा दिला जातो : फिलाडेल्फियाचा संघ 59 सामनेच जिंकू शकला आणि त्यांतले 27 एकट्या कार्लटनचे. संघ दुबळा असतानाही श्रेष्ठ पिचर जिंकतोच, असा निष्कर्ष त्यातून काढला जातो. परंतु त्या वर्षी कार्लटनने 346 इनिंग फेकल्या, 30 सामने स्वतः संपवले आणि त्याची सरासरी 1.97 होती, त्याची थोरवी या आकड्यांतच पूर्णपणे दिसते आणि सत्तावीस हा आकडा तिच्यात काही भर घालत नाही. उलट 1987 मध्ये ह्यूस्टनच्या नोलन रायनने आपल्या लीगमध्ये सरासरी आणि स्ट्राइकआउट, म्हणजे बॅटरला फटकाच न मारू देता बाद करणे, या दोन्हींत अव्वल राहूनही 8-16 असा हिशेब पाहिला. कार्लटनच्या उदाहरणाला प्रमाण मानायचे, तर रायनच्या उदाहरणाला नाकारण्याचे कारण द्यावे लागते, आणि ते देता येत नाही.

दुसरा युक्तिवाद असा, की काही पिचर धावफलक पाहून फेकतात : संघ सहा धावांनी पुढे असेल तर ते सैल सोडतात, सामना अटीतटीचा असेल तर आवळून धरतात, म्हणून त्यांची सरासरी फसवी आणि विजयच खरे. जॅक मॉरिस यांच्याविषयी हे वर्षानुवर्षे म्हटले गेले. 1991 च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात त्यांनी दहा इनिंग फेकून 1-0 असा विजय मिळवला, आणि ज्यांनी तो पाहिला त्यांच्या मनातून तो पुसणे शक्य नाही, तसे करण्याचे कारणही नाही. मात्र त्यांच्या संपूर्ण कारकिर्दीच्या इनिंगनिहाय नोंदी तपासणाऱ्यांना धावफलकाप्रमाणे फेकीत पडणारा तसा फरक आढळला नाही. त्यांच्या 254 विजयांमागे प्रामुख्याने दीर्घकाळ टिकलेली ताकद आणि भरपूर धावा करणारे संघ होते. या आकड्याच्या अट्टहासाची किंमत मोजावी लागली ती बर्ट ब्लायलेव्हन यांना. 3,701 स्ट्राइकआउट, प्रतिस्पर्ध्याला शून्यावर रोखलेले 60 सामने आणि 3.31 सरासरी असूनही त्यांच्या नावावर 287 विजय होते, 300 नव्हते. तीनशेचा टप्पा गाठलेल्या चोवीस पिचरांपैकी एकट्या क्लेमेन्सचा अपवाद वगळता सर्वांना कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले आहे. ब्लायलेव्हन यांना पहिल्या मतदानात, 1998 मध्ये, आवश्यक 75 टक्क्यांच्या जागी 17.5 टक्के मते पडली आणि 2011 मध्ये चौदाव्या खेपेस ते निवडून आले. तेरा विजयांच्या उणिवेपोटी एका माणसाच्या कामाची ओळख तेरा वर्षे लांबावी, हा अन्याय होता असे स्पष्टपणे म्हणणे भाग आहे.

विजय बाजूला ठेवला म्हणजे सत्य आपोआप हाती येते असेही नाही. अर्जित धावांच्या सरासरीलाही क्षेत्ररक्षकांचे हात लागलेले असतात, कारण चपळ क्षेत्ररक्षक ज्या चेंडूपर्यंत पोहोचतो त्यापर्यंत संथ क्षेत्ररक्षक पोहोचतच नाही, आणि न पोहोचल्याची चूक गुणलेखक नोंदवत नाही. व्होरोस मॅक्रॅकन यांनी 2001 मध्ये याहून धाडसी मांडणी केली : स्ट्राइकआउट, वॉक आणि होमरन या तीन गोष्टी पिचरच्या स्वतःच्या, आणि मैदानात पडलेल्या चेंडूचे पुढे काय होते यावर त्याचा ताबा समजला जातो त्यापेक्षा पुष्कळ कमी. ही मांडणी नंतरच्या अभ्यासाने बरीच सौम्य झाली, कारण काही पिचर दुबळे फटके मारायला लावण्यात खरोखर निपुण असतात, पण तिचा गाभा टिकला. तिच्यावर उभारलेली नवी मापे प्रस्तुत विवेचनात वापरली आहेत, तथापि ती अंदाजाची साधने आहेत, घडलेल्या गोष्टींची नोंद नव्हेत, हा भेद सर्वत्र पाळला आहे.

दरम्यान खेळच असा बदलला आहे की विजयाच्या नियमाखालची जमीन सरकली. एकाच पिचरला तिसऱ्यांदा सामोरे जाणारा बॅटर त्याच्या चेंडूंना सरावलेला असतो आणि अधिक धावा करतो, हे ध्यानात आल्यापासून संघ पाचव्या-सहाव्या इनिंगमध्येच ताज्या दमाचा पिचर आणतात. दोन्ही लीग मिळून हंगामात 4,860 वेळा कोणी ना कोणी सामना सुरू करतो, आणि 2023 मध्ये त्यांतले पन्नासही त्यांनी स्वतः संपवले नाहीत. मे 2018 मध्ये टॅम्पा बे संघाने सर्जिओ रोमो या अखेरच्या इनिंगसाठी ओळखल्या जाणाऱ्या पिचरला पहिल्या इनिंगपुरते उतरवण्याचा प्रयोग सुरू केला. अशा योजनेत दुसऱ्या क्रमांकाने येऊन मुख्य काम करणाऱ्या रायन यारब्रोला त्या वर्षी केवळ सहा सामने सुरू करून 16 विजय मिळाले, कारण पाच इनिंगची अट नंतर येणाऱ्याला लागू नाही. 2024 आणि 2025 या दोन्ही हंगामांत एकाही पिचरने वीस विजय गाठले नाहीत. रँडी जॉन्सन यांनी जून 2009 मध्ये तीनशेचा टप्पा ओलांडल्यानंतर तो कोणी गाठलेला नाही, आणि 2025 अखेर खेळत असलेल्यांत सर्वांत पुढे असलेल्या जस्टिन व्हरलँडर यांच्या नावावर 266 विजय आहेत. जुन्या आकड्यांशी नव्या पिचरांची तुलना त्यामुळे केवळ अवघड नव्हे, निरर्थक झाली आहे. या बदलात काहीतरी हरवले, हेही मान्य करावे लागते : थकलेल्या खांद्याने आठव्या इनिंगमध्ये स्वतःच निर्माण केलेल्या संकटातून बाहेर पडणारा पिचर हे या खेळाचे एक थोर दृश्य होते, आणि जुन्या विजयाच्या आकड्यात त्या चिकाटीचा काही अंश साठलेला असे.

या कारणाने पुढील प्रकरणांतील तक्त्यांमधून विजय-पराभव वगळलेले नाहीत. त्यांची जागा मात्र बदलली आहे. अमेरिकी वर्तमानपत्रांत पिचरच्या नावाला लागूनच येणारा हा जोडअंक येथे ओळीच्या अगदी शेवटी ठेवला आहे. नावानंतर प्रथम त्याने फेकलेल्या इनिंग, मग स्ट्राइकआउट, वॉक आणि होमरन, नंतर अर्जित धावांची सरासरी, त्यापुढे तो खेळत असताना त्याच्या संघाने सामन्यामागे केलेल्या धावा, आणि तेवढे वाचून झाल्यावर विजय व पराभव. हॅडिक्सच्या 1959 च्या ओळीत शेवटी 12-12 आहे, आणि त्याच्या नावाखाली एक ओळ केवळ 26 मेसाठी वेगळी दिली आहे.